तेजस्विनीचा सूर : मास्टर दीनानाथ मंगेशकर

२४ एप्रिल ही मास्टर दीनानाथ मंगेशकर यांची पुण्यतिथी. या दिवशी गोव्यात त्यांचे स्मरण होते ते बहुधा लतादीदी आणि आशाताईंचे वडील म्हणून. पणजीच्या कला अकादमीतील नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे. त्या पायऱ्या चढून आत जाणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यांची एखादी ध्वनिमुद्रिका मन लावून ऐकली असेल, याविषयी मात्र शंका वाटते. ती ऐकली की पहिला धक्का बसतो तो आवाजाचा. गाणारा पुरुष आहे हे आपल्याला ठाऊक असते. पण कानावर येणारा सूर पुरुषाच्या नेहमीच्या पट्टीतला नसतो. तो उंच, धारदार आणि विजेसारखा लखलखता असतो. त्याला स्त्रीचा आवाज म्हणावे तर त्यात मार्दवापेक्षा तेज अधिक, आणि पुरुषाचा म्हणावे तर तो इतक्या सहज तारसप्तकात कसा वावरतो हे उमगत नाही.

युरोपात अशा उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाला काउंटरटेनर म्हणतात. हॅन्डेलने १७२४ मध्ये लंडनमध्ये रंगभूमीवर आणलेल्या ऑपेरात ज्यूलियस सीझरसारख्या रणधुरंधराची गाणीही अशाच उंच आवाजासाठी रचली होती. आज एखादा काउंटरटेनर वेशभूषेविना, केवळ पियानोच्या साथीने त्यातले पद गाऊ लागतो, तेव्हा नवखा श्रोता आरंभी बावरतो, शेजाऱ्याकडे पाहतो, कधी ओशाळे हसतोही. आणि मग एखाद्या जागेवर सुराने त्याला पकडले की हसू मावळते. ते गायक बहुतांशी कृत्रिम उंच स्वर लावतात. आपल्या रंगभूमीवरचे नट मात्र मोकळ्या, छातीच्या आवाजाने त्या उंचीवर जात. साधन वेगळे असले तरी श्रोत्याच्या मनातली खळबळ एकच. मराठी प्रेक्षकाने ती पन्नासएक वर्षे रात्र रात्र जागून अनुभवली, आणि त्या अनुभवाच्या एका टोकाला मंगेशीचा हा पुत्र उभा होता.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी मंगेशी येथे झाला. वडील गणेशभट अभिषेकी हे मंगेशाच्या देवळातील पुजारी. आई येसूबाई देवस्थानाच्या सेवेतील कलावंत घराण्यातल्या. अभिषेकाचे मंत्र आणि देवळाच्या चौकातले गाणे हे दोन्ही सूर त्या मुलाच्या कानी जन्मापासून पडले. वडिलांचे आडनाव मात्र त्याच्या वाट्याला आले नाही. त्या काळच्या समाजव्यवस्थेत येसूबाईंच्या मुलाला ते मिळणेच शक्य नव्हते. त्याने गावाचे नाव लावले आणि तो मंगेशकर झाला. आज ज्या आडनावाला भारतभर मान आहे, त्याच्या मुळाशी ही नाकारलेपणाची गोष्ट आहे. गोव्यातील वाचकाला ती नवी नसावी. तरी ती हलक्या आवाजात सांगण्याची आपली सवय अजून गेलेली नाही.

पाच-सहा वर्षांच्या वयापासून बाबा माशेलकर यांच्याकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. पुढे त्यांनी ग्वाल्हेर परंपरेतील रामकृष्णबुवा वझे यांचा गंडा बांधला. वझेबुवा मूळचे सावंतवाडीकडचे, अप्रचलित रागांचे मोठे भांडारी आणि स्वभावाने करारी. दीनानाथांच्या गाण्यात अनवट रागांची जी ओढ दिसते ती बहुतांशी या गुरूची देणगी म्हणावी लागेल.

१९१३ मध्ये मराठी रंगभूमीवर मोठी फूट पडली. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळीची नायिकाच निघून गेली. अशा वेळी चौदा-पंधरा वर्षांचा दीनानाथ त्या मंडळीत दाखल झाला. या प्रसंगातली जोखीम आज ध्यानात येणे कठीण आहे. स्त्रीभूमिका करणाऱ्या पोरांना त्या काळी दोन शत्रू असत. एक, कंठ फुटण्याचे वय. आज गोड गाणारा मुलगा सहा महिन्यांनी घोगरा होई आणि कंपनीच्या भटारखान्यात किंवा पडदे ओढण्याच्या कामावर जाई. दुसरा शत्रू म्हणजे प्रेक्षकांची स्मृती. समोर बसलेल्या माणसाच्या कानात बालगंधर्वांचा सूर ताजा होता आणि नव्या मुलाचे प्रत्येक पद त्या तराजूत पडणार होते.

पहिल्या शत्रूने दीनानाथांना सोडून दिले. वय वाढले, अंगलट पुरुषी झाली, तरी आवाजाची उंची राहिली आणि त्याला पोलादाची धार आली. दुसऱ्याशी मात्र त्यांना जन्मभर झुंजावे लागले.

बालगंधर्वांच्या गाण्यापुढे प्रेक्षक विरघळून जात असे. त्यांची रुक्मिणी, त्यांची सिंधू पाहून घरंदाज स्त्रिया लुगड्याचा पदर आणि केसांची ठेवण बदलीत. ते गाणे कुरवाळणारे होते. दीनानाथांचे गाणे कुरवाळीत नसे. ते चमकावीत, दचकवीत जाई. पंजाबी ढंगाच्या मुरक्या, क्षणात तारषड्जाला भिडून खाली कोसळणारी तान, लयीशी केलेली खेळी, आणि श्रोता एका जागेला दाद देतो न देतो तोच पुढची जागा. गंधर्वभक्तांना हे रुचत नसे. या गाण्यात विसावा नाही, ही नायिकेची गायकी नव्हे, असा त्यांचा आक्षेप असे. आणि तो अगदीच निराधार होता असे मला वाटत नाही. ध्वनिमुद्रिका ऐकताना काही ठिकाणी खरोखरच असे वाटते की गायक शब्दाला मागे टाकून पुढे धावला. पण त्याच ध्वनिमुद्रिकेत दुसऱ्याच क्षणी अशी एक जागा येते की आक्षेप घेणाऱ्याचे तोंड आपोआप मिटावे.

उंच आवाजामागे एक व्यावहारिक कारणही होते. तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. पत्र्याच्या किंवा कनातीच्या नाट्यगृहात ऑर्गनच्या सुरावरून, पिटातल्या गलबल्यावरून शेवटच्या चार आण्यांच्या प्रेक्षकापर्यंत पद पोहोचवायचे तर उंच पट्टी आणि बारीक धार यांना पर्याय नसे. त्या मागच्या प्रेक्षकाच्या हाती एक विलक्षण शस्त्र होते : ‘वन्स मोअर’. ऑपेरागृहातही तो आहेच, पण आपल्याकडे त्याने नाटकाची घडीच बदलली. पद आवडले की कथानक थांबे, विलाप करणारी नायिका पुन्हा पहिल्या ओळीवर येई आणि पहाट होईपर्यंत नाटक चाले. नाट्यदृष्ट्या हा अत्याचारच. पण गायकाच्या दृष्टीने तीच कसोटी, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी तेच पद नव्याने मांडावे लागे. दीनानाथांसारख्या स्फूर्तीच्या गवयाला हे रान मोकळेच होते.

१९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी बलवंत संगीत मंडळी स्थापन केली. राम गणेश गडकरी यांनी ‘भावबंधन’ लिहून संपवले आणि २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे त्यांचे निधन झाले. हे नाटक बलवंत मंडळीने रंगभूमीवर आणले. कोल्हटकरांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका ही जोडी गाजली. पुढे थोरल्या मुलीचे हेमा हे नाव मागे पडून लता हे नाव रूढ झाले, त्याचे मूळ या लतिकेतच आहे.

तरी त्यांच्या आवाजाला खरे घर मिळाले ते १९२७ साली, वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभि’ नाटकात. वामनराव अमरावतीचे, राजकीय चळवळीत तुरुंग भोगलेले. या नाटकातली तेजस्विनी ही लाजणारी, रुसणारी नायिका नव्हती. ती पारतंत्र्यावर आसूड ओढणारी स्त्री होती. वझेबुवांच्या चाली आणि दीनानाथांचा कंठ यांचा असा काही मेळ जमला की जो आवाज शृंगारात काहींना टोचत असे, तोच येथे प्रेक्षकांच्या अंगावर काटा आणू लागला. इंग्रजी राज्यात जे भाषणात बोलता येत नसे ते पदात गाता येई, आणि प्रेक्षक त्या पदाला ‘वन्स मोअर’ देत तेव्हा तो केवळ गाण्याला दिलेला नसे. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ मध्ये याच मंडळीने केले. त्यातली सुलोचनाही दीनानाथांचीच.

पुरुषभूमिकाही त्यांनी केल्या. ‘मानापमान’मधला त्यांचा धैर्यधर केशवराव भोसले यांच्या परंपरेतला मानला जाई. केशवरावांचाही आवाज असाच उंच आणि जोरकस. तेही बालपणी ‘शारदा’ नाटकातल्या स्त्रीभूमिकेतून पुढे आलेले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते, त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव गेले. त्यांच्यामागे त्या तेजस्वी गायकीचा वारसा रंगभूमीवर चालवणारा ठळक गायक म्हणून दीनानाथांचेच नाव घ्यावे लागते.

रंगभूमीबाहेर, मैफलीतही ते गात. तेथे नऊवारी नसे, नथ नसे, रंगवलेला पडदा नसे. पुरुषाच्या वेशात बसलेला गायक तेजस्विनीचे पद गाई आणि श्रोत्याला आधारासाठी केवळ सूर उरे. ग्रामोफोनने तर तो चेहराही काढून घेतला. नाटक मंडळीचा सारा सरंजाम ज्या गावी क्वचितच पोहोचे, तेथे तबकडी पोहोचली. हैदराबादेचे काचीगुडा घ्या. निजामाच्या रेल्वेचे तिथले स्थानक १९१६ सालचे. मनमाडहून मराठवाडा ओलांडून येणारी गाडी तेथे थांबे आणि त्या गाडीने आलेल्या मराठी कुटुंबांनी त्या परिसरात बस्तान बसवलेले. उर्दू आणि तेलुगूच्या त्या शहरात मराठी नाट्यपद घरात वाजायचे ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवरच. नट न पाहिलेल्या अशा श्रोत्यासमोर गाणारा स्त्री की पुरुष हा प्रश्न खरोखरच उभा राहत असणार, आणि चावी संपून सुई थांबेपर्यंत तो बहुधा विसरलाही जात असणार.

१९३० नंतर बोलपटाने नाटक मंडळ्यांच्या पायाखालची जमीन काढून घेतली. बलवंत मंडळीनेही चित्रपटात उडी घेतली. ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट १९३४ मध्ये आला. त्यातून कर्ज वाढले, आणि लौकरच मंडळीही मोडली. पडद्यावर आता स्त्रियाच नायिका होत होत्या. पुरुषाने स्त्री व्हावे आणि ती भ्रांती प्रेक्षकाने आनंदाने स्वीकारावी, हा करारच संपुष्टात आला होता. सांगलीचे वैभव ओसरले, बिऱ्हाड पुण्यास आले, प्रकृती आणि व्यसन यांनी शरीर पोखरले. ज्या माणसाच्या एका तानेवर नाट्यगृह उभे राहत असे, त्याच्याकडे कंत्राटदार फिरकेनासे झाले. काळाला दोष देऊन हा हिशेब पुरा होत नाही. पैशाच्या व्यवहारातली त्यांची बेफिकिरी आणि अतिरेकी उदारपणाही त्यात होता. ज्योतिषाचा त्यांना व्यासंग होता, पण जमाखर्चाचा नव्हता.

२४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकेचाळीस. मागे पत्नी आणि पाच मुले. थोरली लता तेव्हा तेरा वर्षांचीही नव्हती. वडिलांच्या तंबोऱ्यावर शिकलेल्या त्या मुलीने त्याच वर्षी चित्रपटाची वाट धरली, ती घर चालवण्यासाठी.

त्यांच्या गायकीचा वारस नाटकाच्या कक्षेबाहेरून आला. वसंतराव देशपांडे यांनी लहानपणी दीनानाथांना ऐकले आणि जन्मभर त्यांना गुरुस्थानी मानले. १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’मधला खाँसाहेब गाताना वसंतराव जी अकस्मात झेप घेत, ती ज्यांनी दीनानाथांच्या तबकड्या ऐकल्या आहेत त्यांना ओळखीची वाटल्याशिवाय राहत नाही. मंगेशीच्याच अभिषेकी घराण्यातले पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी त्या नाटकाला संगीत दिले होते.

दीनानाथांच्या काही तबकड्या आज संगणकावरही सहज ऐकता येतात. खरखर बरीच आहे आणि ऑर्गन मधूनच बुडतो. पदाच्या शेवटी, तबकडीची जागा संपत आली असताना, ते तान आवरती घेतात. एखाद्या मुद्रिकेत ती अर्ध्यावरच तुटल्यासारखी वाटते.