हाफकिन यांची कसोटी

इ. स. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईच्या मांडवी भागात घरोघर उंदीर मरून पडू लागले आणि त्यांच्या मागोमाग माणसेही मरू लागली. जांघेत किंवा काखेत गाठ येई, अंग तापाने भाजून निघे आणि दोन-चार दिवसांत धडधाकट माणूस नाहीसा होई. हा रोग प्लेग आहे, हे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्रथम ओळखले. पुढील वर्षाच्या आरंभी तो पुण्यात शिरला. पेठा ओस पडल्या. लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहू लागले. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना हाच रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. गोरे सोल्जर रोगी शोधण्यासाठी घरांत घुसत, सामानसुमान बाहेर फेकीत आणि निरोगी माणसांनाही छावणीत नेऊन ठेवीत. त्यामुळे पुणेकरांना रोगाची जितकी धास्ती होती, तितकीच सरकारी उपायांचीही वाटू लागली.

अशा वेळी मुंबईत एक परदेशी शास्त्रज्ञ रात्रंदिवस एका लसीच्या शोधात गढून गेला होता. त्याचे नाव वाल्देमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यात, काळ्या समुद्राच्या परिसरातील एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा येथे त्यांनी मेचनिकॉफ या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. ज्यू लोकांवर हल्ले होत, तेव्हा त्यांच्या रक्षणासाठी हा तरुण पुढे सरसावला आणि त्यापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला. धर्म बदलल्यावाचून प्राध्यापकाची जागा मिळण्याची आशा नव्हती, आणि धर्म बदलण्यास ते तयार नव्हते. शेवटी देश सोडून ते पॅरिसला गेले. तेथे लुई पाश्चर यांच्या संस्थेत त्यांना काम मिळाले ते ग्रंथालयातील साहाय्यकाचे. दिवसा पुस्तके सांभाळावीत आणि उरलेल्या वेळात जंतूंचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता. त्यातूनच त्यांनी पटकीवरील लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले व गावोगाव फिरून त्यांनी हजारो लोकांना ती लस टोचली.

प्लेगची वार्ता येताच सरकारने त्यांना मुंबईस पाठविले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व एक ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम आरंभिले. प्लेगचे जंतू ते मांसाच्या रसात वाढवीत. गोमांसाने लोकांची मने दुखावतील म्हणून त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, तर त्यांच्या आधाराने जंतू झपाट्याने वाढतात, असे त्यांना आढळले. आपल्या स्वयंपाकघरातील साधे तूप असे एका मोठ्या शोधाच्या उपयोगी पडले. मग तो रस तापवून ते जंतू मारीत आणि त्यात थोडे कार्बॉलिक अॅसिड घालीत. लस सिद्ध होताच १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आपल्या अंगात टोचून घेतली. पुढे लोकांना देण्यात आलेल्या मात्रेहून ही मात्रा पुष्कळच मोठी होती. त्यांना ताप भरला, अंग ठणकले, परंतु ते बरे झाले. त्यानंतरच त्यांनी ती लस इतरांस दिली. भायखळ्याच्या तुरुंगात, लोणावळ्यास, खडकीस, हुबळीस व धारवाडास तिचा गुण दिसून आला. १८९९ मध्ये परळच्या जुन्या सरकारी वाड्यात त्यांची प्रयोगशाळा मोठ्या थाटाने उघडण्यात आली.

पण याहून कठीण परीक्षा अजून पुढे होती.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने कहर मांडला आणि लाखो लोकांना लस टोचण्याचे तेथील सरकारने ठरविले. परळकडे मागणीवर मागणी येऊ लागली. काम लवकर उरकावे म्हणून हाफकिन यांनी लस करण्याच्या रीतीत फेरफार केला. पाश्चर यांच्या संस्थेतील रीतीप्रमाणे केवळ उष्णतेवर विसंबून त्यांनी कार्बॉलिक अॅसिड घालण्याचे सोडून दिले. रीत नवी होती, घाईही होती. हा बदल करण्यापूर्वी त्यांनी वरिष्ठांशी विचारविनिमय केला असता, तर पुढे त्यांच्यावर आलेले बालंट कदाचित इतके जड झाले नसते.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या खेड्यात (हे गाव आज पाकिस्तानात आहे) १०७ लोकांना लस टोचण्यात आली. सुमारे आठवड्याने त्यांपैकी काहींचे जबडे आवळू लागले. तो धनुर्वात होता. बघता बघता १९ माणसे दगावली. या एकोणिसांनाही एकाच बाटलीतील लस दिलेली होती. त्या बाटलीवर ५३-एन असा क्रमांक होता. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून ज्यांना टोचले, त्यांना काहीही झाले नाही.

प्लेगपासून वाचावे म्हणून विश्वासाने दंड पुढे करणारी ही माणसे होती. त्यांच्या मृत्यूची चौकशी व्हावयासच हवी होती. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथेच, लस दूषित झाली असली पाहिजे आणि कार्बॉलिक अॅसिड वगळणे ही गंभीर चूक होती, असा तिने निष्कर्ष काढला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. ते वैद्य नव्हते, परदेशी होते, ज्यू होते. त्यांच्यावर दोष ठेवणे अनेकांना सोपे वाटले असावे. १९०४ मध्ये ते हा देश सोडून गेले.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते. पण चौकशीचे कागद पुढे प्रसिद्ध झाले आणि जाणत्या शास्त्रज्ञांनी ते बारकाईने वाचले. दोष कोणाच्या माथी मारावा, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि त्या दिवशी नेमके काय घडले, ते टप्प्याटप्प्याने तपासले. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो चिमटा नीट तापवून शुद्ध करावयास हवा होता. तसे न करता तो औषधी पाण्यात नुसता बुडवून त्यानेच बूच काढण्यात आले होते. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात आणि गुराढोरांचा वावर जेथे असतो, तेथे फारच. शिवाय बाटली उघडली तेव्हा आतील लसीला दुर्गंधी नव्हती, ही डॉक्टरांची साक्ष होती. कित्येक आठवडे बंद बाटलीत ते जंतू वाढत असते, तर वास आल्यावाचून राहता ना. आणि त्यांचे विष आधीच साठले असते, तर रोग दिसावयास आठवडाही लागता ना. साऱ्या खुणा मलकोवालच्या त्या चिमट्याकडे बोट दाखवीत होत्या. तरीही त्या मदतनिसाला खुनी ठरवावे, असे मात्र नाही. ओळीने शेकडो माणसांना टोचावयाचे असते तेव्हा हातून चिमटा निसटणार, हे धरूनच चालावे लागते; तो पडल्यावर पुढे काय करावयाचे, याची पक्की सवय तेथे लागलेली नव्हती.

हिवतापाचा डासांशी असलेला संबंध सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्स पत्रात त्यांचे व इतर नऊ नामांकित शास्त्रज्ञांचे पत्र प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरील आरोप सिद्ध झालेला नाही, असे त्यांनी सप्रमाण दाखवून दिले. अखेर सरकारला माघार घ्यावी लागली आणि पाच वर्षांनी हाफकिन यांच्यावरील डाग पुसला गेला.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते कलकत्त्यास परत आले. पण तेथे त्यांना लसींचे प्रत्यक्ष प्रयोग करण्याची मोकळीक मिळाली नाही. हातात विद्या आणि समोर रोग असूनही त्यांना हातावर हात ठेवून बसावे लागले. वयाची पंचावन्न वर्षे होताच ते निवृत्त होऊन युरोपला गेले. १८९७ पासून १९२५ पर्यंत मुंबईहून त्यांच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे हाफकिन यांचे देहावसान झाले. मलकोवालच्या त्या दिवसाला तेव्हा अठ्ठावीस वर्षे पुरी होत आली होती.