मलिक अंबर

मुलांनो, बीड जिल्ह्यातील बालाघाटचे डोंगर तुम्ही पाहिले आहेत ना? निजामशाहीच्या काळात अशाच डोंगराळ मुलखातून मलिक अंबर यांचे घोडेस्वार लांबलांबचे पल्ले गाठत.

मलिक अंबर यांचा जन्म सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील हबश देशात झाला. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले. बगदादमार्गे ते दख्खनमध्ये आले. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही बुडाली, असे लोकांना वाटले. पण अंबर यांनी ती सावरली. पुढे ते तिचे वजीर झाले.

मोगलांची फौज मोठी होती. तोफा आणि तंबू यांमुळे ती सावकाश चाले. अंबर यांच्याजवळ चपळ मराठा स्वार होते. त्यांच्या घोड्यांवर ओझे थोडे असे. ते शत्रूची रसद तोडत आणि डोंगरात नाहीसे होत. १६२४ साली भातवडी येथे अंबर यांनी तलाव फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि लढाई जिंकली.

१६२६ साली त्यांचे निधन झाले. त्यांची कबर खुलताबादला आहे.

मुलांनो, लांबच्या प्रवासाला तीन गोष्टी लागतात : थोडे ओझे, ओळखीची वाट आणि धीर. गुलामीतून वजिरीपर्यंतचा पल्ला अंबर यांनी धीरानेच गाठला.