दूरनियंत्रणाचा आद्य शिल्पकार : निकोला टेस्ला

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. योगायोग असा, की त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १ जुलै १८९८ रोजी, न्यूयॉर्कमधील एका संशोधकाने अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात एक अर्ज दाखल केला होता. तारेने न जोडता चालती नौका अथवा वाहन दुरून नियंत्रित करण्याची पद्धत, हा त्या अर्जाचा विषय होता. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तरीही आज वाशिम, कारंजा किंवा रिसोड येथील दिवाणखान्यात बसल्या जागेवरून कुणी दूरचित्रवाणी संचाची वाहिनी बदलतो, तेव्हा त्याच्या हातातील रिमोटमागे त्या अर्जातील विचार उभा असतो. त्या संशोधकाचे नाव होते निकोला टेस्ला.

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या खेड्यात एका सर्बियन कुटुंबात झाला. हे गाव त्या वेळी ऑस्ट्रियन साम्राज्यात होते. आज ते क्रोएशियात आहे. वडील धर्मोपदेशक होते. आई शाळेत गेलेली नव्हती, पण घरकामाची अवजारे स्वतः घडवण्यात तिचा हातखंडा होता. यंत्रांची ओढ आपल्याला आईकडून मिळाली, असे टेस्ला मानत. ग्राझ येथील तंत्रशिक्षण त्यांनी पदवीविनाच सोडले. बुडापेस्ट येथे दूरध्वनी केंद्रात नोकरी करीत असताना, १८८२ मध्ये, फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणाऱ्या मोटारीची कल्पना त्यांना सुचली. पुढे पॅरिसमध्ये एडिसन यांच्या कंपनीत काम करून १८८४ मध्ये ते अमेरिकेत दाखल झाले. तेथे एडिसन यांच्याकडील नोकरी काही महिन्यांतच सुटली आणि पोटासाठी खड्डे खणण्याची मजुरी करण्याची वेळ या अभियंत्यावर आली.

दिवस पालटले ते १८८८ मध्ये. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाची त्यांची पेटंटे वेस्टिंगहाउस यांनी घेतली. १८९३ चे शिकागो येथील जागतिक प्रदर्शन याच प्रवाहावर उजळले आणि १८९६ मध्ये नायगारा धबधब्याची वीज बफेलो शहरात पोहोचली. मधल्या काळात, मार्च १८९५ मध्ये, न्यूयॉर्कमधील त्यांची प्रयोगशाळा आगीत भस्मसात झाली होती. अनेक वर्षांची उपकरणे आणि टिपणे गेली. टेस्ला यांनी नव्या जागेत पुन्हा प्रारंभ केला आणि त्याच प्रयोगशाळेत दूरनियंत्रित नौकेचा जन्म झाला.

ही नौका जेमतेम चार फुटांची होती. तिच्या पोटात विजेचे घट, पंखा फिरवणारी एक मोटार, सुकाणू वळवणारी दुसरी मोटार आणि दिवे होते. संदेश टिपण्याचे काम धातूच्या कणांनी भरलेली एक लहानशी नळी करी. रेडिओलहरी आली की कणांतून वीज वाहू लागे आणि एक चकती एक घर पुढे सरके. चकतीच्या प्रत्येक घराला एक आज्ञा ठरलेली होती : डावीकडे वळ, थांब, उजवीकडे वळ, पुन्हा थांब. प्रत्येक संदेशानंतर ती नळी आपोआप उलटी होऊन पुढच्या आज्ञेसाठी सज्ज होई. टेस्ला यांनी ही नौका निमंत्रितांसमोर चालवून दाखवली, तेव्हा पाहणारे चकित झाले. ८ नोव्हेंबर १८९८ रोजी पेटंट मंजूर झाले.

तथापि, टेस्ला यांना अधिक छळणारा प्रश्न पुढचा होता. आज्ञा हवेतून सर्वत्र पसरते. मग ती नेमक्या एकाच यंत्राने पाळावी कशी? शत्रूने किंवा शेजाऱ्याने तशीच लहर सोडली तर नौका त्याचीही चाकर होईल. यावर त्यांनी शोधलेला उपाय कुलपासारखा होता. दोन वेगवेगळ्या कंपनसंख्यांच्या लहरी एकत्र आल्या तरच यंत्राने हालचाल करावी, एकटी लहर आली तर स्तब्ध राहावे. १९०० मध्ये दाखल केलेल्या या पद्धतीची पेटंटे त्यांना १९०३ मध्ये मिळाली. यंत्राला स्वतःची ओळख देणे हाच दूरनियंत्रणाचा गाभा आहे, हे त्यांनी त्या काळी ओळखले होते.

दुर्दैवाने या कल्पनेला गिऱ्हाईक मिळाले नाही. अशा यंत्रांच्या संहारक शक्तीच्या धाकानेच राष्ट्रे युद्धापासून परावृत्त होतील, अशी टेस्ला यांची श्रद्धा होती. परंतु अमेरिकी नौदलाने रस दाखवला नाही. लाँग आयलंडवर मॉर्गन यांच्या भांडवलातून उभारलेला बिनतारी प्रक्षेपणाचा मनोरा पैशाअभावी अपुरा राहिला आणि १९१७ मध्ये पाडण्यात आला. नौकेच्या पेटंटाची सतरा वर्षांची मुदत १९१५ मध्येच सरली होती. अविवाहित टेस्ला यांनी उत्तरायुष्य हॉटेलांच्या खोल्यांत, थकलेली बिले आणि कबुतरे यांच्या संगतीत काढले. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कर हॉटेलच्या ३३२७ क्रमांकाच्या खोलीत वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दूरचित्रवाणीचा पहिला रिमोट त्यांनी पाहिला नाही. झेनिथ कंपनीचा तो रिमोट १९५० मध्ये आला आणि त्याला तार जोडलेली होती. १९५५ मध्ये प्रकाशझोतावर, तर १९५६ मध्ये कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीवर चालणारे रिमोट आले. त्यानंतर अवरक्त किरणांनी मैदान मारले. उपकरणे वाढली तसे घरात रिमोटही वाढले. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी १९८७ मध्ये इतर रिमोटांची भाषा शिकून घेणारा युनिव्हर्सल रिमोट बाजारात आणला.

आज वाशिमसारख्या शहरातही एका घरात संचाचा, सेट टॉप बॉक्सचा आणि ध्वनिवर्धकाचा असे तीन रिमोट सहज आढळतात. त्यांच्या जागी एकच रिमोट वापरायचा, तर टेस्ला यांचाच प्रश्न सोडवावा लागतो. रिमोटमधून निघणारे अवरक्त किरण सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतात आणि त्यांच्या तुटक झोतांतून संदेश जातो. संदेशाचा एक भाग उपकरणाची ओळख सांगतो, दुसरा आज्ञा. ओळख जुळली नाही तर संच ढिम्म राहतो. म्हणून युनिव्हर्सल रिमोटसोबतच्या पुस्तिकेत कंपनीवार सांकेतिक क्रमांक दिलेले असतात. ‘सेट’ बटण दाबून धरायचे, दिवा लागला की क्रमांक भरायचा आणि आवाज, वाहिनी, बंद-चालू या बटणांची परीक्षा घ्यायची. एकाच कंपनीचे चार-पाच क्रमांक असतात. एखाद्याने संच बंद झाला, पण आवाज हलला नाही, तर पुढचा घ्यावा. पुस्तिका हरवली असेल, तर आपोआप शोध घेण्याची सोय बहुतेक रिमोटांत असते. संच बंद होताच बटण सोडायचे. अनेक सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर संचासाठी राखलेली मोजकी बटणे असतात. ती शिकवताना दोन्ही रिमोट समोरासमोर काही सेंटिमीटरवर ठेवून मूळ बटण दाबावे लागते. जुना रिमोट मोडकळीस येण्याआधीच हे काम उरकलेले बरे, कारण शिकवणाराच मुका झाला तर शिकणार कोण?

टेस्ला यांची नौका रेडिओलहरींवर चालत होती, आपला रिमोट प्रकाशावर चालतो. माध्यम बदलले, रीत तीच राहिली. चुंबकीय क्षेत्राच्या एककाला १९६० मध्ये टेस्ला यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या अस्थी बेलग्रेड येथील त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात आहेत. ज्या शोधाने त्यांना हयातीत काही मिळवून दिले नाही, तो आता घरोघरी, बहुधा सोफ्याच्या उशीखाली सापडतो.