एअरबॅगचा दिवा विझत नाहीये? आधी जॉन हेट्रिकची गोष्ट वाचा

गाडीची चावी ऑन केली की डॅशबोर्डवर एक छोटं चित्र पेटतं. बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोल फुगा. काही सेकंदांत ते विझायला हवं. विझलंच नाही तर काय करायचं, हा प्रश्न आमच्या इन्सुलीत पावसाळ्यात हमखास कानावर येतो. मुंबई-गोवा हायवे दारातून जातो आणि गाड्यांवर बोलायला इथे कुणाला निमित्त लागत नाही. उपाय सांगतोच, पण हा फुगा ज्याच्या डोक्यातून निघाला तो माणूस आधी माहीत असलेला बरा.

जॉन हेट्रिक हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता. १९४४ मध्ये टॉर्पेडोच्या दुरुस्तीचं काम चालू असताना आतली दाबाखालची हवा अचानक सुटली आणि वर झाकलेलं कॅनव्हासचं कापड फुगून थेट छताला जाऊन भिडलं. तेव्हा त्याने त्याचा फारसा विचार केला नाही.

आठ वर्षांनी, १९५२ मध्ये, एका रविवारी तो बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन फिरायला निघाला. मुलगी पुढेच, दोघांच्या मध्ये. चढ ओलांडला तर समोर रस्त्यात मोठा दगड. त्याने गाडी वळवली, ती बाजूच्या चरात गेली. ब्रेक लागताना नवरा-बायको दोघांनीही हात आडवा घातला, मुलगी डॅशबोर्डवर आपटू नये म्हणून. कुणाला लागलं नाही. पण हाताऐवजी दुसरं काहीतरी आडवं यायला हवं, हे त्याच्या डोक्यातून जाईना. छताला भिडलेलं ते कापड त्याला आता आठवलं. घरच्या टेबलावर बसून त्याने चित्रं काढायला सुरुवात केली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेटंटचा अर्ज केला आणि १८ ऑगस्ट १९५३ ला पेटंट मिळालं. रचना सोपी होती: दाबाखालच्या हवेची टाकी, स्प्रिंगवर धरलेलं एक वजन आणि स्टिअरिंग व डॅशबोर्डमध्ये दडवलेल्या पिशव्या. गाडी एकदम थांबली की वजन पुढे सरकणार, झडप उघडणार, पिशव्या फुगणार. (जर्मनीत वॉल्टर लिंडरर यानेही साधारण त्याच सुमारास अशीच कल्पना मांडली होती. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता.)

हेट्रिकने अमेरिकेतल्या मोठ्या कार कंपन्यांना पत्रं लिहिली. काहीच झालं नाही. स्वतः नमुना बनवायला पैसे नव्हते. पेटंटची मुदत १७ वर्षांची, म्हणजे १९७० मध्ये संपली. जनरल मोटर्सने एअरबॅगच्या पहिल्या गाड्या काढल्या १९७३ मध्ये! त्याला यातून काहीच मिळालं नाही. मला विचाराल तर कंपन्यांचा कोडगेपणा हे अर्धंच कारण. दुसरं अर्धं असं की त्याची हवा कमी पडत होती. धडकेनंतर पिशवी साधारण ३० मिलिसेकंदांत फुगावी लागते, आणि टाकीतली हवा व स्प्रिंगचं वजन एवढ्या वेळात ते करू शकत नव्हतं. पुढे ॲलन ब्रीडने धडक ओळखणारा भरवशाचा सेन्सर बनवला, आणि टाकीच्या जागी क्षणात गॅस तयार करणारं रसायन आलं. आता धडक ओळखायला मायक्रोचिपवरचा ॲक्सलरोमीटर असतो. तुमचा फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ना, ती ज्याच्यामुळे फिरते त्याच जातीचा.

आता दिवा. कॉम्प्युटर दर वेळी सगळ्या तारा तपासतो आणि कुठे खटकलं तर दिवा लावून ठेवतो. अशा वेळी अपघातात एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही. पहिला संशय सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरवर घ्या. सीट मागे-पुढे केल्याने किंवा साफसफाईत तो ढिला होतो. आमच्याकडे पावसाचं पाणी कार्पेटखाली मुरतं आणि पिना गंजतात. हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणंही बंद पडली असतील तर आतली गुंडाळलेली केबल, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, तुटलेली असू शकते. उतरलेली बॅटरी आणि बिघडलेलं सीटबेल्टचं बकलही दिवा लावतं.

फोनला ब्लूटूथने जोडायचे स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचेच कोड वाचतात. घेण्याआधी तो एअरबॅगचे म्हणजे एसआरएसचे कोड वाचतो का ते बघा. ते कोड 'बी' ने सुरू होतात.

तुम्ही स्वतः बॅटरी तपासा, सीटखाली ओल आहे का ते डोळ्यांनी बघा, कोड वाचा. तिथेच थांबा. पिवळ्या वायरीला मल्टिमीटर लावू नका, त्याच्या करंटनेही आतलं रसायन पेटू शकतं. कनेक्टरला हात लावायचा तर आधी इग्निशन बंद, मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं, कारण बॅटरी काढल्यावरही कॉम्प्युटरमध्ये चार्ज शिल्लक असतो. पुढचं सगळं सर्व्हिस सेंटरच्या माणसाकडे. आणि कोड नुसता पुसून दिवा घालवला तर बिघाड तसाच राहतो.

सेकंडहँड गाडी घेताना उलटं तपासा. चावी ऑन केल्यावर दिवा एकदाही पेटला नाही, तर कुणीतरी तो काढून टाकलेला असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर सौदा तिथेच थांबवा.

हेट्रिक १९९९ मध्ये वारला. १९९८ च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारमध्ये पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झालेल्या त्याने पाहिल्या. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची त्यानंतर. ज्या मुलीसाठी त्याने हे सगळं केलं ती पुढे बसली होती, पण आजची एअरबॅग इतक्या जोरात उघडते की लहान मुलाला पुढे बसवणं धोक्याचं आहे. दिवा नीट विझत असेल तरीही मुलांना मागच्या सीटवरच बसवा, आणि मागे तोंड करून बसवायची बेबी सीट चालू एअरबॅगसमोर कधीच लावू नका.