तिकिटावर न्यूयॉर्क लिहिलंय म्हणून महापौर विमानातून उतरलेच नाहीत, त्या हट्टातून उभं राहिलं लागार्डिया विमानतळ

1934 सालची गोष्ट. टीडब्ल्यूए कंपनीचं विमान नेवार्कला उतरलं. प्रवासी सामान घेऊन खाली आले, पण जेमतेम सव्वापाच फुटांचा एक गोल चेहऱ्याचा माणूस सीटवरून हलेना. त्याचं म्हणणं एवढंच होतं की तिकिटावर न्यूयॉर्क छापलंय आणि नेवार्क तर न्यू जर्सीत येतं.

दुसरा कुणी असता तर कंपनीनं दाद दिली नसती. पण हे होते न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो लागार्डिया. शेवटी विमान पुन्हा उडालं आणि त्यांना ब्रुकलिनच्या फ्लॉइड बेनेट विमानतळावर सोडून आलं. सोबत पत्रकार होतेच. म्हणजे यात थोडं नाटकही होतं.

पण दुखणं खरं होतं. एवढ्या मोठ्या शहराची विमानं शेजारच्या राज्यात उतरत होती. त्या काळात विमान कंपन्यांची बरीच कमाई टपालावर चालायची आणि टपाल खात्याचं केंद्र होतं नेवार्क. शहरानं बांधलेलं फ्लॉइड बेनेट मॅनहॅटनपासून लांब, त्यामुळे तिकडे जायला कंपन्या तयार नव्हत्या.

लागार्डियांना विमानांची माहिती ऐकीव नव्हती. 1882 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्म, वडील इटालियन, आई ज्यू. वडील सैन्यात बँडमास्तर असल्यामुळे बालपण अ‍ॅरिझोनाच्या छावण्यांत गेलं. पुढे एलिस आयलंडवर येणाऱ्या स्थलांतरितांसाठी दुभाषाचं काम करत त्यांनी रात्रीच्या वर्गात वकिली पूर्ण केली. 1916 मध्ये खासदार झाले आणि पहिल्या महायुद्धात खासदार असतानाच वायुदलात भरती झाले. इटलीत त्यांनी कॅप्रोनी बॉम्बर विमानांतून मोहिमा केल्या.

युद्धावरून परतल्यावर मात्र 1921 या एकाच वर्षात क्षयानं त्यांची तान्ही मुलगी आणि पत्नी थिया दोघीही गेल्या.

1934 ते 1945 असे सलग तीन कार्यकाळ ते महापौर होते. विमानतळासाठी त्यांनी क्वीन्समधली नॉर्थ बीचची जागा धरली. इथे पूर्वी करमणुकीचं उद्यान होतं, नंतर छोटं खासगी विमानतळ. जागा कमी पडली म्हणून शेजारच्या रायकर्स बेटावरचा कचरा आणि राख आणून खाडी बुजवली. त्याखाली लोखंडी सांगाडा टाकला. आजही त्या लोखंडामुळे विमानांचे होकायंत्र बिघडू शकतात, तशा पाट्या तिथे वैमानिकांसाठी लावल्या आहेत!

मंदीचा काळ, खर्च सुमारे 4 कोटी डॉलर. पैशाची उधळपट्टी म्हणून टीका झाली. पण अमेरिकन एअरलाइन्स आधीच सोबत आली होती, मग बाकीच्यांना थांबून चालणार नव्हतं. 15 ऑक्टोबर 1939 ला उद्घाटन झालं. 2 डिसेंबरला मध्यरात्रीनंतर पहिलं प्रवासी विमान शिकागोहून उतरलं. कंपनी कोणती? तीच, टीडब्ल्यूए. पुढच्या वर्षी पॅन अ‍ॅमच्या पाण्यावर उतरणाऱ्या क्लिपर विमानांनी इथूनच युरोप गाठायला सुरुवात केली. लोक तर 10 सेंट देऊन नुसती विमानं बघायला यायचे.

गर्दी एवढी वाढली की हेही विमानतळ अपुरं ठरणार, हे लागार्डियांनीच ओळखलं. त्यांच्याच कारकिर्दीत क्वीन्सच्या दुसऱ्या टोकाला आयडलवाइल्डचं काम सुरू झालं. ते 1948 च्या जुलैमध्ये उघडलं. लागार्डिया मात्र 20 सप्टेंबर 1947 ला कर्करोगानं गेले होते.

1960 मध्ये एअर इंडियाचं बोईंग न्यूयॉर्कला पोचलं ते याच आयडलवाइल्डवर. 1963 मध्ये त्याला केनेडींचं नाव मिळालं. आज मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जायचं तर जेएफके किंवा नेवार्कच. लागार्डियावर लांब पल्ल्याच्या विमानांना बंदी आहे, मर्यादा 1500 मैलांची. अपवाद फक्त शनिवारचा आणि डेन्व्हर शहराचा.