विमान पडू नये म्हणून आयुष्य घालवलं आणि विमान अपघातातच गेला, ब्रिटिश हेलिकॉप्टर दलांची गोष्ट या स्पॅनिश इंजिनिअरपासून सुरू होते

एकेकाळी प्रिन्स असलेले अँड्र्यू, आणि प्रिन्स विल्यम व प्रिन्स हॅरी. एक काका, दोन पुतणे. या तिघांच्या बातम्या तुम्ही भरपूर वाचल्या असतील. पण तिघांमध्ये एक गोष्ट सेम आहे. तिघंही लष्करी हेलिकॉप्टरचे पायलट होते.

आता गंमत बघा. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अँड्र्यू सी किंग उडवत होते, ते नेव्हीचं. विल्यमसुद्धा सी किंगच उडवायचे, पण एअर फोर्सचं, आणि काम होतं समुद्रात, डोंगरात अडकलेल्यांना वाचवायचं. हॅरी अफगाणिस्तानात अपाचे घेऊन गेले, ते आर्मीचं. एकाच घरातले तिघं, मशीन हेलिकॉप्टरच, पण युनिफॉर्म तीन वेगळे.

साहजिक प्रश्न पडतो. उडणारी वस्तू आहे तर ती एअर फोर्सकडे असावी ना? आर्मी आणि नेव्हीला वेगळी हेलिकॉप्टर कशाला?

हा वाद हेलिकॉप्टरपेक्षाही जुना आहे. तो समजून घ्यायचा तर एका स्पॅनिश माणसाची गोष्ट माहिती पाहिजे. त्याचं नाव हुआन दे ला सिएर्वा.

२१ सप्टेंबर १८९५ ला स्पेनमधल्या मुर्सियात त्याचा जन्म झाला. घर श्रीमंत, वडील राजकारणात, पुढे देशाचे मंत्री झाले. पोराच्या डोक्यात मात्र विमानाचं खूळ. १९१२ मध्ये, म्हणजे वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी, त्यानं दोन मित्रांना घेऊन एका मोडक्या फ्रेंच विमानाच्या सांगाड्यातून नवीन विमान उभं केलं. लाल रंगामुळे त्याचं नाव पडलं खेकडा. विशेष म्हणजे हा खेकडा उडाला. स्पेनमध्ये बनून उडालेल्या पहिल्या विमानांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं.

पुढे तो सिव्हिल इंजिनिअर झाला, पण विमानांचा नाद सुटला नाही. १९१९ मध्ये त्यानं तीन इंजिनांचं बॉम्बर विमान बनवलं. चाचणीत ते जमिनीजवळ असताना वेग कमी झाला आणि विमान कोसळलं. पायलट वाचला, विमान गेलं.

हे का झालं? विमानाचे पंख तेव्हाच काम करतात, जेव्हा त्यांच्यावरून पुरेशा वेगानं हवा वाहते. वेग एका मर्यादेखाली गेला की पंख विमानाला धरून ठेवू शकत नाहीत. याला स्टॉल म्हणतात. त्या काळात कितीतरी पायलट यातच जात होते.

सिएर्वानं विचार केला की विमान हळू झालं तरी पंखांना वेग मिळत राहिला तर? म्हणजे पंखच गोल फिरवले तर?

यातून आला ऑटोजायरो. दिसायला हेलिकॉप्टरसारखा, पण फरक मोठा आहे. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन वरची पाती फिरवतं. ऑटोजायरोमध्ये इंजिन फक्त पुढचा पंखा फिरवून मशीन पुढे ओढतं आणि वरची पाती हवेच्या झोतानं आपोआप फिरतात. जत्रेतलं भिरभिरं घेऊन पळताना ते जसं फिरतं, अगदी तसं. त्यामुळे ऑटोजायरो हवेत एका जागी उभा राहू शकत नाही. पण इंजिन बंद पडलं तरी पाती फिरत राहतात आणि तो दगडासारखा न पडता खाली उतरतो.

कागदावर हे भारी वाटत होतं, पण पहिली तीन मशीन फसली. त्यातली मोठी अडचण म्हणजे ती एका बाजूला कलंडायची. कारण पाती गोल फिरताना एका बाजूचं पातं पुढे जात असतं आणि दुसऱ्या बाजूचं मागे येत असतं. पुढे जाणाऱ्याला हवा जास्त मिळते, ते जास्त उचलतं, मागे येणारं कमी. मग मशीन उलटणारच.

गंमत म्हणजे त्याचं छोटं मॉडेल व्यवस्थित उडत होतं. मॉडेलची पाती लवचिक होती, मोठ्या मशीनची ताठ. इथं त्याची ट्यूब पेटली. त्यानं प्रत्येक पात्याच्या मुळाशी बिजागरी बसवली. दाराला असते तशी. आता जास्त उचल मिळालेलं पातं स्वतःच वर जायचं, कमी मिळालेलं खाली यायचं आणि मशीन सरळ राहायचं.

जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या गेटाफे इथं त्याचा सी-४ ऑटोजायरो उडाला. काही दिवसांतच उड्डाण करताना इंजिन बंद पडलं. दुसरं विमान असतं तर खेळ खल्लास होता. हा सुखरूप खाली आला.

आज जगातल्या बहुतेक हेलिकॉप्टरच्या पात्यांना वर-खाली होण्याची जी सोय असते, तिचं मूळ या बिजागरीत आहे.

१९२५ मध्ये इंग्लंडमधल्या फार्नबरोला त्याच्या मशीनचं प्रात्यक्षिक झालं आणि ब्रिटिशांनी हा माणूस हेरला. १९२६ मध्ये उद्योगपती जेम्स वेअर यांच्या पैशातून तिथं सिएर्वा ऑटोजायरो कंपनी निघाली. सिएर्वा स्वतः उडवायला शिकला आणि सप्टेंबर १९२८ मध्ये एका प्रवाशाला घेऊन त्यानं ऑटोजायरोतून इंग्लिश खाडी पार केली.

पुढे आला सी-३० ऑटोजायरो. १९३४-३५ च्या सुमारास रॉयल एअर फोर्सनं अशी दहा-बारा मशीन घेतली, नाव दिलं रोटा. ती पाठवली ओल्ड सरमच्या शाळेत, जिथं आर्मीसोबत काम करायचं प्रशिक्षण दिलं जायचं.

इथंच आपला सुरुवातीचा प्रश्न जन्माला आला.

१९१८ मध्ये ब्रिटननं आर्मीचं आणि नेव्हीचं विमानदल एकत्र करून एअर फोर्स बनवली होती. जे काही उडेल ते एअर फोर्सचं, असा नियम. पण रोटाचा उपयोग काय? छोट्या शेतात उतरणं, शत्रूच्या तोफा शोधणं, निरोप पोचवणं. म्हणजे मशीन एअर फोर्सचं, काम आर्मीचं. मग शब्द कोणाचा चालणार?

याचं उत्तर बघायला सिएर्वा राहिला नाही.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. त्याच्या आयुष्यातला हा भाग झाकून चालणार नाही. जनरल फ्रँकोला कॅनरी बेटांवरून मोरोक्कोत नेणारं विमान लंडनजवळच्या क्रॉयडनहून भाड्यानं मिळवून देण्यात सिएर्वाचा हात होता. त्या बंडातून पुढे स्पेनवर अनेक दशकांची हुकूमशाही आली. दुसरीकडे त्याच नोव्हेंबरमध्ये माद्रिदजवळच्या पाराकुएयोसला प्रजासत्ताकाच्या बाजूच्या लोकांनी त्याचा भाऊ रिकार्डो याला मारलं. मुर्सियाच्या विमानतळाला सिएर्वाचं नाव द्यावं की नाही, यावर म्हणूनच आजही तिथं वाद होतो.

९ डिसेंबर १९३६. क्रॉयडनला दाट धुकं होतं. सिएर्वा अ‍ॅमस्टरडॅमला जाणाऱ्या केएलएमच्या विमानात बसला. उड्डाण होताच विमान भरकटलं, उंची घेता आली नाही आणि ते घरांवर आदळलं. १७ पैकी १५ जण गेले. त्यात ४१ वर्षांचा सिएर्वा होता. विमान पडू नये म्हणून आयुष्य घालवलेला माणूस साध्या पंखांच्या विमानात गेला.

त्याची मशीन मात्र कामाला लागली होती. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावरची रडार अचूक करण्यासाठी ठरलेल्या जागेवर हळूहळू घिरट्या घालणारं काहीतरी हवं होतं. रोटा यासाठी परफेक्ट. सिएर्वाच्या कंपनीत उडवणारे रेजिनाल्ड ब्री आणि अ‍ॅलन मार्श हे पायलट यात पुढे होते. १९४३ मध्ये या तुकडीची ५२९ स्क्वाड्रन झाली. युद्धाच्या शेवटी हिच्याकडेच सिकोर्स्कीची हॉवरफ्लाय हेलिकॉप्टर आली आणि एअर फोर्सच्या हेलिकॉप्टर स्क्वाड्रनचा इतिहास इथून सुरू झाला.

मग तीन दलांची वाटणी कशी झाली?

नेव्हीनं आपलं विमानदल १९३९ मध्येच एअर फोर्सकडून परत मिळवलं होतं. आर्मीला १९५७ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी आर्मी एअर कोअर स्थापन झाली. त्याआधी १९५६ मध्ये सुएझच्या लढाईत नेव्हीच्या जहाजांवरून नेव्हीची आणि आर्मी-एअर फोर्सच्या संयुक्त तुकडीची हेलिकॉप्टर उडाली आणि त्यांनी ४०० हून जास्त कमांडो दीड तासात किनाऱ्यावर उतरवले. तिघं मिळून काम करू शकतात हे तिथं दिसलं होतं.

तरी एक कमांड व्हायला १९९९ उजाडलं. त्या वर्षी जॉइंट हेलिकॉप्टर कमांड बनली. आर्मीची हेलिकॉप्टर, एअर फोर्सची चिनूक आणि नेव्हीची कमांडो हेलिकॉप्टर एका छताखाली आली. युनिफॉर्म तीनच राहिले, पण मोहिमेवर कोण जाणार हे एक कमांडर ठरवू लागला. मुख्यालय आर्मीच्या अँडोव्हरमध्ये. २०२४ मध्ये तिचं नाव जॉइंट एव्हिएशन कमांड झालं.

घरं मात्र वेगळीच. चिनूक ओडिहमला, अपाचे वॉटिशमला, कमांडो हेलिकॉप्टर येव्हिल्टनला. आर्मीत रेजिमेंट, तिच्यात स्क्वाड्रन, तिच्यात फ्लाइट अशी उतरंड असते. नंबरवरूनही बऱ्याचदा ओळख पटते. ६५० च्या आसपासचा नंबर आर्मीचा, ८०० च्या पुढचा नेव्हीचा. आर्मीत सार्जंटसुद्धा पायलट होतो, बाकी दोन्हीकडे पायलट हा ऑफिसरच असतो.

आर्मीच्या ६५६ स्क्वाड्रनचं उदाहरण घ्या. महायुद्धात ती ब्रह्मदेशच्या आघाडीवर तोफांसाठी टेहळणी करत होती. २०११ मध्ये तीच स्क्वाड्रन लिबियाच्या मोहिमेत अपाचे घेऊन नेव्हीच्या ओशन जहाजावरून उडाली. मशीन आर्मीचं, डेक नेव्हीचा.

आपल्याकडेही हाच प्रवास झाला. आर्मीच्या तोफखान्यातून आलेल्या हवाई तुकड्यांची १९८६ मध्ये आर्मी एव्हिएशन कोअर झाली आणि तिच्या पायलटांचं प्रशिक्षण आपल्या नाशिकला होतं.

आता पुन्हा त्या तिघांकडे येऊ. हॅरींची अपाचे या संयुक्त कमांडखाली होती. विल्यम यांचं बचावाचं काम तिच्या बाहेर होतं. अँड्र्यू यांच्यासारखी पाणबुड्यांच्या मागावर असणारी हेलिकॉप्टर तर आजही नेव्हीच्याच हुकमावर चालतात. म्हणजे वाद मिटला, पण पूर्ण नाही.

एक गोष्ट मात्र तिन्ही दलांत सारखी आहे. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तर पायलट काय करतो? पाती हवेवर मोकळी फिरू देतो आणि त्या जोरावर खाली उतरतो. याला ऑटोरोटेशन म्हणतात आणि प्रत्येक पायलटला ते शिकावंच लागतं. ते करताना काही क्षणांसाठी हेलिकॉप्टरचा ऑटोजायरो झालेला असतो.