आवाजाचा धनी : रॉबर्ट डोनॅट

चित्रपटातील नट म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतो? घोडा दौडवणारा, एका दमात दहाजणांना लोळवणारा धट्टाकट्टा माणूस. या पाठात मात्र ज्या नटाची ओळख तुम्हांला करून द्यायची आहे, त्याला साधा श्वास घेणेही अनेकदा कठीण होई. त्याला दमा होता. हा शब्द तुम्हांला नवा नाही. मराठीत आणि उर्दूत तो एकच आहे आणि त्यात श्वास या अर्थाचा ‘दम’ लपलेला आहे.

रॉबर्ट डोनॅट यांचा जन्म १८ मार्च १९०५ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात झाला. चार भावांत रॉबर्ट सर्वांत धाकटा. लहानपणी तो बोलताना अडखळत असे. ज्याला चार वाक्ये सरळ बोलता येत नाहीत, तो पुढे नट होईल असे कोणाला वाटले असते? पण शहरात जेम्स बर्नार्ड नावाचे एक शिक्षक होते. शब्द स्पष्ट कसे उच्चारावेत, श्वास कोठे घ्यावा, आवाज कसा चढवावा आणि उतरवावा, हे ते शिकवत. रॉबर्ट त्यांच्याकडे जाऊ लागला. पंधराव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि बर्नार्ड यांच्याकडेच कारकुनी पत्करली. तेथे मिळणाऱ्या पैशांतून तो शिकवणीची फी भागवी. असा विद्यार्थी मिळाला तर कोणता शिक्षक खूश होणार नाही!

१९२१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, बर्मिंगहॅम येथे तो शेक्सपिअरच्या ‘ज्यूलिअस सीझर’ नाटकात रंगमंचावर आला. भूमिका छोटी होती. पुढे अनेक वर्षे डोनॅट यांनी फिरत्या नाटक मंडळ्यांतून गावोगाव कामे केली. ज्या मुलाची जीभ अडखळत होती, त्याचा आवाज ऐकण्यासाठी आता लोक येऊ लागले.

१९३२ मध्ये ते चित्रपटांत आले. १९३४ मध्ये हॉलिवूडला जाऊन त्यांनी ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ केला. तो खूप चालला, पण तेथे त्यांचे मन रमले नाही. ते मायदेशी परतले आणि पुन्हा हॉलिवूडमध्ये कामाला गेले नाहीत. १९३५ मध्ये हिचकॉक यांचा ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ आला. त्यात खुनाचा खोटा आळ आलेला माणूस पोलिसांना चुकवत स्कॉटलंडच्या माळरानावर धावत सुटतो. धावणारा हा नायक दम्याचा रोगी आहे, हे पाहणाऱ्यांच्या ध्यानातही येत नाही.

पण आजार गप्प बसत नव्हता. ‘नाइट विदाउट आर्मर’ या चित्रपटाच्या वेळी दम्याने असा जोर केला की काम थांबवावे लागले. दुसरा नट घ्यावा, असा विचार सुरू झाला. तेव्हा नायिका मार्लिन डीट्रिच यांनी डोनॅट बरे होईपर्यंत थांबण्याचा आग्रह धरला. १९३७ मध्ये तो चित्रपट डोनॅट यांच्यासहच प्रदर्शित झाला. पुढच्या वर्षी ‘द सिटाडेल’मध्ये त्यांनी खाणकामगारांच्या डॉक्टरची भूमिका केली. (याच कादंबरीवरून १९७१ मध्ये ‘तेरे मेरे सपने’ हा हिंदी चित्रपट निघाला.)

त्यांची सर्वांत मोठी भूमिका १९३९ सालची, ‘गुडबाय मिस्टर चिप्स’मधली. आम्हां शिक्षकांना ती विशेष जवळची वाटते, हे कबूल केले पाहिजे. चिप्स हे लॅटिन शिकवणारे बुजरे मास्तर. आरंभी मुले त्यांना जुमानत नाहीत. पुढे त्यांचा विवाह होतो आणि ते मोकळे होतात. मुलांना घरी चहाला बोलावू लागतात. मग बाळंतपणात पत्नी मरण पावते. त्या दिवशीही ते वर्गात येऊन बसतात. मुलांना काहीच ठाऊक नसते. डोनॅट तेथे रडत नाहीत, ओरडत नाहीत. नुसता त्यांचा चेहरा पाहून आपला घसा दाटून येतो. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांची नावेही या वृद्ध मास्तरांना सर्वांसमोर वाचावी लागतात.

डोनॅट तेव्हा अवघे ३४ वर्षांचे होते आणि त्यांनी तरुण वयापासून ८३ वर्षांपर्यंतचे चिप्स उभे केले. केवळ पांढऱ्या मिशा लावून म्हातारपण येत नाही. वयाबरोबर त्यांची चाल बदलते, मान बदलते, आवाजही बदलतो. त्या वर्षी ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटाचा फार गाजावाजा होता. उत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर त्याचे नायक क्लार्क गेबल यांना मिळेल, असे अनेकांना वाटत होते. १९४० मध्ये ते डोनॅट यांना देण्यात आले.

त्यानंतर कामे कमी होत गेली. सगळे मिळून त्यांचे चित्रपट विसाच्या आसपासच आहेत. १९५३ मध्ये लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात त्यांनी शेवटचे नाटक केले. १९५८ मध्ये ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ या चित्रपटात ते एक वृद्ध चिनी अधिकारी झाले. त्या वेळी प्राणवायूचे सिलिंडर जवळ ठेवूनच चित्रीकरण चाले. त्यांच्या अखेरच्या दृश्यात हा अधिकारी नायिकेचा निरोप घेतो. ९ जून १९५८ रोजी, वयाच्या ५३व्या वर्षी, लंडनमध्ये डोनॅट यांचे निधन झाले. चित्रपट त्यानंतर काही महिन्यांनी पडद्यावर आला आणि प्रेक्षकांनी तो निरोप ऐकला.